ताईचं पहिलं बाळंतपण

आम्ही राहिलो त्या घरांना दारं नव्हती. अण्णा बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन होते आणि काम चालू असलेल्या बिल्डिंगीतच तळमजल्यावरची एक खोली आम्हाला राहायला मिळायची. विटांच्या उघड्या भिंती, दाराच्या जागी गोणपाट, खिडकीच्या जागी पत्र्याचा तुकडा. सुतार दारं बसवायला आले की आई भांडी आवरायला घ्यायची. दारं बसली म्हणजे घर पुरं झालं, आणि घर पुरं झालं म्हणजे आपण निघायचं. माझी शाळा चौथीत सुटली ती अशाच एका निघण्यात. पुढची बिल्डिंग घोडबंदर रोडला होती. तेव्हा त्या बाजूला एकीकडे डोंगर, एकीकडे खाडी आणि मध्ये आम्ही. शाळा कुठे आहे हे विचारायलासुद्धा जवळ माणूस नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं नसतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. अजूनही पडते. म्हणून हे कोणाला सांगत बसण्यापेक्षा लिहिते आहे.

त्या बिल्डिंगीचे आवाज मला अजून वेगवेगळे आठवतात. सकाळी मिक्सरमध्ये खडी पडायची तो, सेंट्रिंगच्या फळ्या वरून खाली टाकायचे तो, आणि कामगार गेल्यावर मागे राहणारा पाण्याचा. पाणी सगळीकडे ठिबकत असायचं. आई सुपरवायझर आणि चार गवंड्यांचं जेवण करायची. जळणाला मोडक्या फळ्या. काँक्रीट चिकटू नये म्हणून त्या फळ्यांना ऑइल लावलेलं असायचं, त्यामुळे चूल पटकन पेटायची, पण भाकरीला त्याचा वास यायचा. गवंडी म्हणायचे, "वहिनी, आज भाकरी गॅरेजात थापली का?" आई म्हणायची, "खायची तर खा, नाहीतर वर जाऊन स्लॅब खा." राखेतून खिळे निघायचे. ते मी आधी वेचून काढायचे, कारण त्याच राखेने भांडी घासायची आणि एकदा एक खिळा माझ्या तळव्यात चांगला घुसला होता. जेवण मात्र चवीचं असायचं. सुकट कांद्यावर परतली की दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडायचं, "झालं का हो?"

अण्णांचं वॉचमनचं काम नावाला, खरं काम पाण्याचं. नवा स्लॅब पडला की त्यावर मातीचे बांध घालून, शेतात करतात तसे वाफे करायचे आणि ते पाण्याने भरून ठेवायचे. पाण्याखाली राहिला तर स्लॅब घट्ट होतो, नाहीतर तडकतो. आमचं गाव पारनेरकडचं. अण्णा वाफे भरताना म्हणायचे, "गावाला वाफे होते तर पाणी नव्हतं. इथं पाणी आहे, पण पीक दगडाचं." लिफ्टसाठी खणलेला खड्डाही कायम भरलेला असायचा. दिवेलागणीला डास असे उठायचे की आई तोंडावर पदर घेऊन भाकऱ्या थापायची. डास चावतात म्हणून काही करायचं असतं असं आमच्या मनातही आलं नव्हतं. ते होतेच, जसे ट्रक होते, धूळ होती.

अशा त्या घरात माझी मोठी बहीण रंजूताई बाळंतपणाला आली. तिचं लग्न गावाकडेच झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि आई तिला आणायला स्वतः गेली. मीही बरोबर होते. ताईच्या सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, राहू द्या की इथंच. तिकडं तुमचं सगळं उघड्यावरचं." आई तिथे नुसती हसली. पण एसटीत बसल्यावर ठाण्याला खोपटच्या स्टँडवर उतरेपर्यंत तिच्या मनातून ते गेलं नाही. "दार नाही म्हणून माहेर नाही होय?" असं ती मला दोनदा म्हणाली, जणू मीच ते बोलले होते.

तिने घर सजवलं म्हटलं तरी चालेल. दोन जुन्या साड्या बांधून कोपरा केला. गवंड्यांनी परांचीच्या बांबूंची बाज करून दिली आणि "बाळाचं पहिलं बांधकाम आमचं" म्हणून आईकडून चहा उकळला. डिंक, अळीव, खारीक, सगळं आईने डब्यांत भरून ठेवलं. ताई सातव्या महिन्यात होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण माहेरी आली की माझ्याएवढीच व्हायची. मी कमी बोलायची तर ती माझ्या वाटचंही बोलायची. तिला डोहाळे कसले, तर ओल्या सिमेंटचे. अण्णांनी भिंतीवर पाणी मारलं की ती जिन्यात जाऊन बसायची आणि डोळे मिटून वास घ्यायची. आई ओरडायची, "भिंत चाटू नकोस हं!" ताई म्हणायची, "एक वीट खाऊ दे गं, त्यानं काय बिल्डिंग पडते?"

एका दुपारी भर उन्हात तिने माझ्याकडे गोधडी मागितली. मी दिली. मग दुसरी मागितली. तीही दिली, तरी तिचे दात वाजत होते आणि बांबूची बाज कुरकुरत होती. मग अंग असं तापलं की हात लावून मी मागे घेतला. संध्याकाळी दरदरून घाम येऊन सगळं उतरलं. दुसऱ्या दिवशी ताई अगदी ठीक. तिने माझी वेणी घातली, गवंड्यांची चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा थंडी.

आईला कळलं नव्हतं असं नाही. दिवसाआड येणारं हिव आमच्याकडे कोणालाही ओळखता येतं. पण आईच्या मनात हिवापेक्षा त्याच्या गोळीची भीती जास्त होती. हिवाची गोळी कडू आणि फार गरम, ती पोट पाडते, असं आमच्या गावात सगळ्या बायका मानायच्या. माझ्या एका काकूने सातव्यात ती गोळी घेतली आणि तिचं मूल गेलं, ते आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून आईने अण्णांना डोंगराकडून गुळवेल आणायला सांगितली. काढा ताई नाक दाबून प्यायची आणि मला म्हणायची, "मंदे, तुझं लग्न ठरलं की सांग. तुलाही पाजते." पण तिची नखं पांढरी पडत चालली होती. दिवसाआड तिचं बोलणं कमी होत गेलं, आणि ती बोलेनाशी झाली की घरात कोणीच बोलणारं उरत नसे.

त्याच सुमाराला मलेरियावाले आले. सरकारी माणसं साइटवर येऊन सगळ्या कामगारांच्या बोटातून रक्त काढणार, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. सुपरवायझरने अण्णांना बाजूला घेतलं. "अण्णा, लिफ्टच्या खड्ड्यात जळकं ऑइल ओत. आणि ज्याला ज्याला बुखार आहे त्याला जरा इकडेतिकडे कर. जास्त केस निघाल्या ना, तर काम बंद करतील. मग बसा सगळे भजन करत." अण्णांनी ऑइल ओतलं. आईने ताईला गोधडी देऊन दुसऱ्या मजल्यावर नेऊन बसवलं. अण्णांनी साइटसाठी लपवली आणि आईने पोटातल्या जिवासाठी. माझ्या डोळ्यांना तेवढंच दिसलं की ताईचा तापाचा दिवस आहे आणि ती भिंतीला धरून कठडा नसलेला जिना चढते आहे.

रक्त काढायला एक बाई होत्या. चाळिशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, पायात प्लास्टिकच्या चपला. त्यांच्यापाशी काचांची पेटी होती. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, पसरायचा, नंबर घालायचा. कामगारांची रांग लागली होती. कोणी म्हणत होतं, "बाई, आमचं रक्त विकता का हो कुठं?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुझं कोण घेणार? अर्धी दारू निघेल." सगळे हसले. तो माणूसही हसला आणि त्याने बोट पुढे केलं. हे मी आजही लक्षात ठेवलं आहे, कारण घाबरलेल्या माणसाला हसवून त्याचं बोट पुढे करून घेणं मला पुढे आयुष्यात कधी जमलं नाही.

माझी पाळी आली. बाईंनी विचारलं, "घरात अजून कोण?" आई माझ्यामागे उभी होती. ती म्हणाली, "आम्ही दोघं आणि ही. बस." बाईंनी साडीच्या आडोशामागची बाज पाहिली, फळीवरचे डबे पाहिले. अळिवाचा डबा उघडाच होता. माझ्या बोटावर कापूस दाबत त्या हळूच म्हणाल्या, "बहीण की वहिनी?"  माझे डोळे आपोआप वर गेले, छताकडे. तेवढंच. बाई उठल्या आणि हातात पेटी घेऊन जिना चढायला लागल्या. आई त्यांच्यामागे धावली आणि तिच्यामागे मी.

दुसऱ्या मजल्यावर पाण्याने भरलेल्या वाफ्यांच्या मधोमध, एका कोरड्या बांधावर, ताई गोधडी पांघरून काकडत बसली होती. बाईंना पाहून तिने गोधडी पोटावर ओढली.

"कितवा?" बाईंनी विचारलं.

"आठवा लागलाय," ताई म्हणाली.

आई मध्ये आली. "दोन जिवांची आहे. तिचं रक्त काढायचं नाही. आणि गोळी तर नकोच."

"एक थेंब काढते. डास याच्यापेक्षा जास्त पितात."

"गोळीनं पोट पडतं."

"तापानं पडतं, आई. गोळीनं नाही."

"तुम्ही बघितलंय? मी बघितलंय."

"मीही बघितलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही.

 मग ताईनेच गोधडीतून हात बाहेर काढला. "काढा बाई. निदान कळेल तरी." बाईंनी काच घासली, नंबर घातला. उठताना त्यांची नजर वाफ्यातल्या पाण्यावर गेली. पाण्यात बारीक किडे वळवळत होते, मी रोज पाहायची ते. बाईंनी अण्णांना हाक मारली.

"हे काय पाळलंय?"

"स्लॅब आहे बाई. पाणी लागतं त्याला."

"आठवड्यातून एक दिवस तरी सुकवा."

"सुकवला तर तडकेल."

"आणि ही?" बाई ताईकडे बोट दाखवून म्हणाल्या.

 अण्णा बांधावर उकिडवे बसले आणि ओंजळीने पाणी उपसून बाहेर टाकायला लागले, जणू एवढा मोठा स्लॅब ओंजळीने रिकामा होणार होता.

काच तपासून निकाल यायला आठवडा लागेल, तोवर या गोळ्या द्या, असं सांगून बाई गेल्या. आईने गोळ्या घेतल्या आणि डब्यांमागे ठेवल्या. ती मला रागावली नाही. मी वर पाहिलं होतं हे तिने पाहिलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "लहान आहेस." त्या आठवड्यात ताईला तापाच्या आणखी पाळ्या आल्या. थंडी भरली की आई तिच्या अंगावर आडवी पडायची, स्वतःच्या वजनाने तिची थरथर दाबायला. एकदा मी म्हणाले, "आई, देऊन तर बघू." आई म्हणाली, "आणि काही झालं तर? तू परत आणून देशील?"  

अण्णांनी एका संध्याकाळी फावडं घेतलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या स्लॅबचे बांध फोडले. पाणी जिन्यावरून धो धो खाली आलं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यांना झापलं. "अण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? स्लॅबला क्रॅक गेला तर तुझ्या सात पिढ्या वॉचमनगिरी करतील." अण्णांनी मान खाली घालून बांध पुन्हा घातले आणि पाइप लावून पाणी सोडलं. त्यांच्या हातून दुसरं काय होणार होतं? ते सोडून गेले असते तर दुसरा वॉचमन आला असता, त्याचीही कोणी ताई असती, आणि आम्ही गर्भार पोरीला घेऊन रस्त्यावर.

मी आता आंबिवलीला मुलाकडे राहते. आमच्याकडे सरकारच्या आरोग्य खात्याची आशाताई येते, कोणाला ताप असला की ती बोटातून थेंब घेते आणि एका पट्टीवर टाकते. चहाला आधण येईपर्यंत निकाल. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. सून म्हणाली, "काय झालं, आई?" मी गॅस पुन्हा पेटवला.

तेव्हा मात्र आठवड्याने निकाल घेऊन बाई स्वतः आल्या. त्यांना चालून घाम आला होता. आडोशाआत डोकावून त्या म्हणाल्या, "निघालाय. आता तरी द्या."  आई उठली, डब्यांमागच्या गोळ्या काढल्या, देवासमोर धरल्या आणि ताईला दिल्या. बाईंसमोरच दिल्या. पहिल्या गोळ्या ताईने ओकून टाकल्या, बाईंनी दुसऱ्या दिल्या. त्या दिवसभर आईने एक हात ताईच्या पोटावर ठेवला होता. बाळ लाथ मारायचं तेव्हा आई माझ्याकडे पाहून मान हलवायची. आहे, असं.

पुढची तापाची पाळी आलीच नाही. आईने मऊ भात केला, वर तूप सोडलं. ताईने तो मिटक्या मारत खाल्ला आणि म्हणाली, "मंदे, बाळाला आधी काढा पाजायचा हं, म्हणजे पुढं कशाचीच भीती नाही." आई हसली. त्या वेळी ती किती मोकळी हसली होती. एवढे दिवस जे धरून ठेवलं होतं ते तिने एकदम सोडलं. गवंड्यांना त्या दिवशी भाकरीबरोबर पिठलंही मिळालं.

आणि मग, दिवस भरायला अजून बरेच आठवडे असताना, सकाळी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या.

वाळूच्या टेम्पोतून आम्ही तिला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. आईने तिला पाहिलं, मला कोणी आत सोडलं नाही. आई म्हणाली, तिची बोटं पूर्ण होती आणि केस काळेभोर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अण्णा तिला माझ्या जुन्या परकरात गुंडाळून घेऊन गेले. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. इकडे ताईला दूध आलं. ते कोणाला सांगता येत नाही, थांबवता येत नाही. आईने तिची छाती जुन्या पातळाने घट्ट बांधली. ताई भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पातळ ओलं व्हायचं.

बाईंना कळलं तशा त्या भेटायला आल्या. पेटी नव्हती हातात. आईने त्यांना चहा दिला. बाई म्हणाल्या, "ताप आधीच फार झाला होता हो. रक्त उरलं नव्हतं तिच्यात. गोळीनं नाही झालं ते." आई म्हणाली, "तुम्ही तुमच्या जागी बरोबर आहात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण बाई गेल्यावर कप विसळताना ती आपल्याशीच म्हणाली, "माझ्या हातानं दिली." आईच्या मनातून ते कोणी काढू शकलं नाही. तिच्या शेवटच्या वर्षांत मी आशाताईला विचारून घेतलं होतं. तीही तेच म्हणाली, तापानेच होतं, गोळी आधी मिळाली असती तर कदाचित मूल राहिलंही असतं. मी आईला जाऊन सांगितलं. वाक्याचा शेवटचा भाग सांगितला नाही. आई अंथरुणावरून म्हणाली, "तिला काय माहीत? ती होती का तिथं?"

दाजी ताईला न्यायला आले. शांत माणूस, कोणाला एक शब्द बोलले नाहीत. सासूबाईंनी बाजरीचं पीठ आणि शेंगदाणे पाठवले होते, टोमणा एकही नाही. आईला तो टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं असं मला तिच्या तोंडाकडे पाहून वाटलं. आम्ही सगळे खोपटला त्यांना सोडायला गेलो. गाडी लागली, ताईला खिडकीची जागा मिळाली. आई खिडकीखाली उभी राहून उगाच काहीतरी सांगत होती, डोक्याला बांध, गार पाणी पिऊ नकोस. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा तिने खिडकीचा गज धरला आणि घाईने म्हणाली, "रंजू, पुढच्या खेपेला इकडंच यायचं हं. पहिलं बाळंतपण माहेरचंच असतं. मी नीट करीन सगळं. हे काय, हे धरायचं नाही."

ताईने आईच्या हातावर हात ठेवला. "असं कसं, आई? पहिलं झालं माझं. मुलगी झाली मला."

गाडी हलली. आई दोन पावलं बरोबर चालली.

"दुसरं सासरी करतात," ताई म्हणाली. ती रागाने बोलली नाही, लहान मुलाला समजावतात तसं बोलली.

रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं.  आईने गज सोडला.